जिन्याच्या पायथ्याशी हजर

बेया व्हिस्ता, ६ ऑक्टोबर १९९७

प्रिय इताती,

तुझ्या आईने काल फोनवर प्रथम उकाड्याची आणि मग शेजारणीच्या गुडघ्याची हकीकत सांगितली. फोन ठेवता ठेवता, विसरलेले काही आठवावे तशा स्वरात, ती म्हणाली की मालमत्ता कायद्याच्या तोंडी परीक्षेला तू याही वेळी गेली नाहीस. जुलैत गेली नव्हतीस, तेव्हा ताप आल्याचे कळवले होतेस. सप्टेंबरात कोणता आजार होता, ते कळवलेले नाही. न्यायालयाचा सचिव म्हणून मी सारी नोकरी इतरांच्या सबबी लिहून घेण्यात घालवली आहे. सबब आणि कारण यांतला भेद मला अक्षरावरूनही कळतो.

तिसऱ्यांदा गैरहजर राहणाऱ्याला त्या विषयाचे सारे वर्ष पुन्हा करावे लागते, हा तुमच्या महाविद्यालयाचा नियम तुला ठाऊक आहे. डिसेंबरची परीक्षा तिसरी आहे.

परीक्षा वरच्या मजल्यावर होते आणि तुझी चाकाची खुर्ची जिना चढत नाही, हे मी जाणतो. पण मोंचो सोसा आणि त्याचे तीन मित्र तुला खुर्चीसकट वर नेतात, असे तूच मोठ्या कौतुकाने सांगितले होतेस. त्यांच्याशी भांडण झाले काय? मोंचोबद्दल तुझ्या आईला काही निराळ्याच शंका आहेत. त्या मी येथे लिहीत नाही.

कारण कळव. सबब नको.

तुझा मामा,
एव्हारिस्तो


कोरिएन्तेस, १५ ऑक्टोबर १९९७

प्रिय मामा,

भांडण झालेले नाही. आईच्या शंका ती दुपारी पाहते त्या मालिकांतून येतात. मोंचोला अकॉर्डियनशिवाय कुणाचे वेड नाही, हे तिला सांगा.

कारण एवढेच की मी आता तो जिना चढणार नाही. माझ्या मी चढू शकत नाही आणि दुसऱ्यांच्या हातांवर चढायचे नाही, असे ठरवले आहे.

तुम्ही ते दृश्य कधी पाहिलेले नाही. खुर्चीच्या चार कोपऱ्यांना चौघे. पुढे गोर्दो, म्हणजे आमचा जाड्या; त्याचे खरे नाव आता त्याच्या आईलाही आठवत नसेल. तो ओरडतो, "बाजूला व्हा, राणीसाहेब येताहेत!" सगळा जिना हसतो, मीही हसते. हसावेच लागते, मामा. ज्यांच्या हातांवर आपण तोललेले असतो, त्यांच्यावर रुसता येत नाही. वर गेल्यावर तहान लागली तरी मी पाणी पीत नाही. प्यायले तर खाली यावे लागेल आणि खाली यायचे तर चौघांना वर्गातून उठवावे लागेल.

परीक्षा तळमजल्यावर घ्यावी, असा अर्ज मी दिला होता. कार्यालयातल्या दोन्या इरेनेने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं पोरी, पण तुला उचलणारी तुझी ती मुलं आहेत ना?" अर्ज तिने परत केला नाही, पुढेही पाठवला नाही. त्यावर आपल्या कडू माते-चहाचा पेला ठेवला. लिफ्टचा प्रस्ताव मी प्रवेश घेतला तेव्हाही विचाराधीन होता, आजही आहे.

अभ्यास चालू आहे. रागावू नका.

इताती


बेया व्हिस्ता, २२ ऑक्टोबर १९९७

प्रिय इताती,

रागावू नका असे लिहून तू माझा राग गृहीत धरलास. तो योग्यच धरलास.

आपल्या प्रांतात चिखलात रुतलेली गाडी पाहून कोणी पुढे जात नाही. जो तो उतरतो, बाही सावरतो, ढकलतो आणि आभार ऐकायलाही थांबत नाही. यालाच आपण गाउचादा म्हणतो. ज्याला मदत मिळते तो लहान होत नाही. उद्या तोही कोणाची तरी गाडी ढकलणार असतो. चार तरुण आपखुशीने तुझी खुर्ची उचलतात आणि तू त्यांना नको म्हणतेस. आमच्याकडे यास स्वाभिमान म्हणत नाहीत, फणकारा म्हणतात. आणि फणकाऱ्यापायी एक वर्ष घालवणे यास काय म्हणतात, ते मी कागदावर लिहिणार नाही.

असो. तुला कोणाच्या हातांवर जायचे नसेल तर जाऊ नकोस. मी योग्य ठिकाणी शब्द टाकला आहे. अधिक विचारू नकोस. तू केवळ अभ्यास कर.

एव्हारिस्तो

ता. क. येथे संत्र्यांना या वर्षी फळ अधिक आहे. बसचालक बेनितेसबरोबर एक पेटी पाठवीत आहे. तळाची आधी खा.


कोरिएन्तेस, १३ नोव्हेंबर १९९७

मामा,

संत्री पोहोचली. तुमचा शब्दही पोहोचला.

सोमवारी अंगणात सगळे तेरेरेचा गार चहा पीत बसलो होतो. गोर्दोने थंड पेला माझ्याकडे देताना विचारले, "काय गं, डॉक्टरसाहेबांकडे केक कोणता असणार आहे? आम्हाला एखादा तुकडा रुमालात बांधून आण." मला काही कळेना. मग दुसरीने सांगितले, "लपवतेस कशाला? बेर्मूदेस तुझी परीक्षा स्वतःच्या घरी घेणार आहेत, परसात, चहाबरोबर. दोन्या इरेने सगळ्यांना सांगते आहे. नशीबवान आहेस, तुझा मामा त्यांचा जुना वरिष्ठ!" तिसरा म्हणाला, "आमचे मामा कसाई आहेत. आम्ही वरच मरणार."

सगळे हसले. या वेळी मी हसले नाही.

तुम्ही मला न विचारता डॉ. बेर्मूदेसना पत्र लिहिलेत. मी उत्तीर्ण झाले तर उद्या न्यायालयात उभी राहिल्यावर लोक म्हणतील, ही परसातली वकील. अनुत्तीर्ण तर मी होणारच नाही. चहा पाजून कोणी कोणाला नापास करते का?

आता कारण सांगते. तुम्ही मागितलेत तेव्हा सबबच दिली होती.

जूनमध्ये पावसाची भुरभुर होती. जिन्याच्या वळणावर मोंचोचा पाय घसरला. त्याने खुर्ची सोडली असती तर मी खालपर्यंत गेले असते. त्याने ती सोडली नाही. त्याचा हात खुर्चीची दांडी आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. मला ओरखडाही आला नाही. त्याने सगळ्यांना सांगितले की मोटारसायकलवरून पडलो. उरलेल्या तिघांकडून तसेच वदवून घेतले आणि माझ्याकडूनही. "तुझं नाव निघालं तर तुला वर न्यायला कुणी धजणार नाही," म्हणाला. उजव्या हाताची दोन बोटे अजून मिटत नाहीत. चामामे संगीताच्या एकाही जत्रेत तो यंदा वाजवणार नाही. सध्या तो चुलत्याच्या दुकानात टायरांना ठिगळे लावतो आणि भेटला की मलाच विचारतो, "राणीसाहेब, वर कधी जायचं?"

आणि दुसरी गोष्ट. मागच्या आठवड्यात एम्पेद्रादोहून मिर्ता ओब्रेगोन नावाची मुलगी प्रवेशाची चौकशी करायला आली होती. कुबड्यांवर चालते. मी कार्यालयाच्या खिडकीजवळच होते. दोन्या इरेनेने तिला अतिशय गोड आवाजात विचारले, "पण बाळ, तुला वर कोण नेणार? आमच्या इतातीची तिची मुलं आहेत. तुझी कोण आहेत?" मिर्ताने तिच्या आईकडे पाहिले. आईने पिशवी उचलली. दोघी चिपा-पाव विकत घेऊन बसस्थानकाकडे गेल्या.

मामा, माझी चौघांची गाउचादा त्या खिडकीतून दिसते. ती दिसते म्हणून लिफ्टची गरज कुणाला दिसत नाही. आणि ज्या मुलीला चार मित्र नाहीत, तिने आधी मित्र मिळवावेत आणि मग कायदा शिकावा?

दोन डिसेंबरला मी जिन्याच्या पायथ्याशी बसणार आहे. वरून माझे नाव पुकारतील तेव्हा खालून "हजर" म्हणणार. मी इमारतीत असेन, वेळेवर असेन, तयार असेन. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवावे.

इताती


बेया व्हिस्ता, १९ नोव्हेंबर १९९७

प्रिय इताती,

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा रागाने वाचले. दुसऱ्यांदा, मोंचोच्या हाताच्या परिच्छेदापाशी आल्यावर, पुढे लवकर जाता आले नाही.

बेर्मूदेसला आज लिहिले आहे की माझी विनंती रद्द समजावी. तो दुखावला जाईल. त्याने परसातील वेलीखाली टेबल मांडण्याची तयारी केली होती आणि पत्नीला तारीखही सांगून ठेवली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता. न विचारता लिहिले, हे मात्र खरे.

तरीही तुझ्या बेताला माझी संमती नाही. तू खालून हजर म्हणशील. पण वरच्या यादीत जो दालनात आला नाही तो गैरहजर, असाच त्यांचा अर्थ असेल. बेर्मूदेस मृदू आहे. परंतु सर्वांसमोर त्याला कोणी आव्हान दिले की तो दगड होतो. मी त्याला पंचविशीपासून ओळखतो. तुझे वर्ष जाईल आणि जिना जागच्या जागी राहील.

यावर मार्ग काय, असे विचारशील. मला सुचलेला नाही. चार दिवस सकाळी उठून हाच एक विचार करतो आणि दुपारची झोपही लागत नाही. संत्र्यांच्या झाडांना पाणी देताना एकाच झाडाला दोनदा दिले.

एव्हारिस्तो


बेया व्हिस्ता, २८ नोव्हेंबर १९९७

इताती,

उत्तर नाही. तुझी आई म्हणते, तू दार लावून वाचत असतेस आणि बोलावले की "उं" म्हणतेस. हे पत्र बेनितेस स्वतः घरी आणून देईल. त्याला मी थांबण्यास सांगितले आहे. दोन ओळी लिहून त्याच्या हाती दे. बेत बदलला किंवा नाही, एवढेच कळव.

मी येऊन काही करू शकत असेन तर कळव. काही करू शकत नसेन तर तेही कळव.

ए.


(याच पत्राच्या पाठीवर)

मामा, बेनितेसकाका दारात उभे आहेत आणि आई त्यांना जबरदस्तीने सूप पाजते आहे, इतक्या उकाड्यात. बेत बदललेला नाही. येऊ नका. तुम्ही आलात तर डॉ. बेर्मूदेस तुमच्याशी बोलतील, माझ्याशी नाही. इ.


कोरिएन्तेस, ३ डिसेंबर १९९७

प्रिय मामा,

आईने तुम्हाला फोनवर निकाल सांगितला असेल आणि रडलीही असेल. पण जे घडले ते तिने पाहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

मी सात वाजताच पोहोचले. जिन्याखालची फरशी नुकतीच पुसली होती. आडनाव आयाला, त्यामुळे यादीत पहिली मीच. परीक्षेला आलेले सगळे वरच्या कठड्यापाशी जमले होते आणि खाली माझ्याकडे बघत होते. गोर्दो आणि दोघे खाली आले. गोर्दो म्हणाला, "उगाच हट्ट करू नकोस, चल." त्याने दांडीला हात घातला. तेवढ्यात मोंचो दारातून आला. अंगाला टायरांचा वास, उजव्या हाताची दोन बोटे तशीच न मिटणारी. म्हणाला, "खुर्चीला कुणी हात लावायचा नाही."

"तू तर दुकानात असायला हवास," गोर्दो म्हणाला.

"आणि तू तोंड मिटून असायला हवास. आज तिला वर न्यायचं नाही. तिनं सांगितलंय."

शिपायाने वरून पुकारा केला, "आयाला, इताती!"

मी सारा जीव गोळा करून ओरडले, "हजर!"

शिपाई कठड्यावरून वाकला. "पोरी, इथं ये."

"मी इथं आहे."

"इथं म्हणजे इथं वर!"

"मग तुम्ही इथं म्हणजे इथं खाली या, फ्लोरोकाका. मी तर रोज इथंच असते."

कुणीतरी हसले. डॉ. बेर्मूदेस बाहेर आले. तुम्ही म्हणालात तसेच झाले: आधी चेहरा मऊ होता, सगळे बघत आहेत हे कळल्यावर दगड झाला. म्हणाले, "कुमारी आयाला, आपल्या सोयीसाठी मी माझे घर देऊ केले होते. आपण ते नाकारलेत. आता मंडळाने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?"

"सर, इतरांची घेणार तशीच माझी परीक्षा घ्यावी."

"इतर वर आले आहेत."

"त्यांना पाय आहेत, सर. ते काही त्यांनी अभ्यास करून मिळवलेले नाहीत."

सरांनी शिपायाच्या हातातली यादी घेतली आणि खिशातून पेन काढले. मला ते पेन खालून दिसत होते. माझे वर्ष त्या पेनाच्या टोकाशी होते. मोंचो हळूच म्हणाला, "राणीसाहेब, अजून नेऊ का? डाव्या हातानं जमेल." मी नको म्हणाले. म्हणताना मला स्वतःचीच भीती वाटली.

आणि मग जिन्यावर काठीचा आवाज आला.

मंडळातल्या डॉ. लेस्कानो तुम्हाला माहीत नसतील. साठी उलटलेल्या, वजनदार, दोन्ही गुडघे गेलेले. एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने काठी धरून त्या खाली येत होत्या, एकेका पायरीवर थांबून श्वास घेत. सगळे बघत राहिले. सर म्हणाले, "डॉक्टर, आपण कुठे निघालात?"

"खाली."

"पण परीक्षा वर आहे."

"हो ना? गेली वीस वर्षं तीच तर माझी तक्रार आहे." शेवटची पायरी उतरून त्यांनी कपाळ पुसले. शिपायाला हाक मारली, "फ्लोरो, खुर्ची आण बाबा. हातांची आण, नाहीतर उठताना तुलाच उचलायला लागेल मला." बसल्या. मग वर सरांकडे बघून म्हणाल्या, "उलीसेस, आज मी पुन्हा वर येत नाही. माझे गुडघे तसं म्हणतात. तीन सभासदांशिवाय मंडळ होत नाही. तेव्हा एकतर तुम्ही दोघे खाली या, नाहीतर आज कुणाचीच परीक्षा नाही. पाहा बुवा, कसं करता ते."

सरांनी पेनाला टोपण लावले. तिसरे परीक्षक तर आधीच अर्ध्या जिन्यावर पोहोचले होते. त्यांनाही उकाडा सहन होत नव्हता म्हणे.

अंगणाकडच्या खोलीतली जुनी बाके शिपायाने बाजूला सारली. मंडळ तिथे बसले. वरचे सगळे विद्यार्थी खाली उतरले. दोन्या इरेने कार्यालयातून बघत होती; तिने चष्मा घातला.

पहिला प्रश्न बरा गेला. दुसराही. तिसरा सरांनी विचारला: एक भाडेकरू पुष्कळ वर्षे भाडे देत नाही आणि घर आपलेच आहे असे मानू लागतो; त्याचा ताबा कसा समजावा? मी म्हणाले, इतक्या वर्षांनी तो मालकासारखाच झाला. सर म्हणाले, "कशाने झाला? दिवस गेल्याने?" मी म्हणाले, हो. "मनात आणल्याने?" मी पुन्हा हो म्हणाले. डॉ. लेस्कानोंनी डोळे मिटले. मग सरांनी आणखी तीन प्रश्न विचारले, सरळ आणि थंड. तिन्हींत मी अडखळले. त्यांनी एकदाही मदत केली नाही. चहा तर दूरच, पाणीसुद्धा विचारले नाही.

दहापैकी दोन गुण. नापास.

सात जणांत तिघे नापास झाले, गोर्दोसह. संध्याकाळी आम्ही तिघे अंगणात बसून सरांना शिव्या देत होतो आणि कुणीही मला "बिचारी" म्हणाले नाही. गोर्दो म्हणाला, "तुझ्यापायी आम्हाला खाली उतरावं लागलं, माझा सगळा अभ्यास त्या जिन्यावर सांडला." मी म्हणाले, जा, गोळा करून आण.

मी हजर होते, म्हणून वर्ष गेलेले नाही. मार्चमध्ये पुन्हा परीक्षा आहे. ती कुठे घेणार, ते अजून कुणी लेखी दिलेले नाही. डॉ. लेस्कानो म्हणतात, त्या विचारतील. मीही विचारणार आहे, दर आठवड्याला. आणि मिर्ताला लिहिले आहे. अजून उत्तर नाही.

मला रात्री झोप लागली नाही, मामा. आनंदाने की अपमानाने, ते ठरत नाही. दोन गुण म्हणजे फारच कमी झाले हो.

इताती


बेया व्हिस्ता, ६ डिसेंबर १९९७

प्रिय इताती,

तुझ्या आईने फोनवर खरोखरच अश्रू ढाळले आणि मी बेर्मूदेसला ताबडतोब लिहावे असा आग्रह धरला. मी कागद काढलाही होता. तेवढ्यात तुझे पत्र आले. मी त्यातले तिसऱ्या प्रश्नाचे तुझे उत्तर वाचले आणि तो कागद किराण्याची यादी करण्यासाठी वापरला.

तुझे उत्तर चुकीचे आहे. किंचित नव्हे, पूर्णतः चुकीचे आहे. भाडेकरूने मनात आणले म्हणून त्याचा ताबा बदलत नाही आणि कॅलेंडर उलटल्यानेही बदलत नाही. मालकाला उघडपणे बाहेर ठेवणारी कृती त्याने केली पाहिजे आणि ती मालकाला दिसली पाहिजे. सारी हयात मी अशा खटल्यांच्या नोंदी घेतल्या. इतक्या साध्या गोष्टीत माझी भाची घसरते, हे बेर्मूदेसने पाहिले, याची मला लाज वाटली. त्याने दोन गुण दिले. मी एकच दिला असता.

शनिवारी, १३ तारखेला, मी सकाळच्या बसने येत आहे. टेबल आणि दोन खुर्च्या तयार ठेव. मी प्रश्न विचारीन, तू उत्तरे देशील आणि तुझ्या आईने मध्ये खाण्याचे काही आणू नये. मार्चपर्यंत दर पंधरवड्याला येईन. दयेची अपेक्षा करू नकोस. मोंचो येणार असेल तर त्याने बसून ऐकावे. त्याच्या हातासंबंधी मला त्याच्याशी बोलायचे आहे, आणि राजधानीतील एका अस्थितज्ज्ञाचा पत्ता द्यायचा आहे. तो घ्यावा किंवा न घ्यावा, हे त्याने ठरवावे.

एक गोष्ट उरते. माझी बस एम्पेद्रादोवरून जाते. तेथे उतरून ओब्रेगोन बाईंना भेटावे आणि तळमजल्याच्या खोलीत परीक्षा झाली, आम्ही नापाससुद्धा झालो, असे त्यांना सांगावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु मिर्ता तुझ्या ओळखीची आहे, माझ्या नव्हे. उतरू काय? बेनितेस गुरुवारी परत येईल. हो किंवा नाही, त्याच्याजवळ लिहून दे. नाही म्हणालीस तर मी खिडकीतून बाहेर पाहीन आणि पुढे येईन.

एव्हारिस्तो